देणगीची नोंद आणि नोकरीचे आमिष

संरक्षण कंपन्यांनी राजकारण्यांना दिलेल्या देणग्या जाहीर होतात, मग आक्षेप कशाला, हा युक्तिवाद मला पटत नाही. अमेरिकेत सरकारी कंत्राटदार कंपन्यांना राष्ट्रीय निवडणुकीतील उमेदवारांना थेट देणगी देण्यास मनाई आहे. तरीही कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालणाऱ्या कंपनीच्या राजकीय समितीमार्फत संरक्षण खर्च ठरवणाऱ्या लोकप्रतिनिधींपर्यंत पैसा कायदेशीरपणे पोहोचतोच. त्याहून गंभीर आहे ते नोकरीचे आमिष, कारण ते कोणत्याही देणगीपत्रकात दिसत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या खरेदी अधिकारी डार्लीन ड्रुयुन बोइंग कंपनीबरोबरच्या १०० टँकर विमानांच्या (हवेत इतर विमानांना इंधन पुरवणाऱ्या विमानांच्या) व्यवहाराची बोलणी हाताळत असतानाच त्याच कंपनीशी स्वतःच्या नोकरीबद्दल बोलत होत्या. २००४ मध्ये त्यांना ९ महिन्यांची कैद झाली. पद सोडल्यावर काही वर्षे पुरवठादाराकडे नोकरी करण्यास सरसकट बंदी हवी, आणि ती लोकप्रतिनिधींनाही लागू व्हावी.