शब्दचर्चा: नॉर्स देवांच्या युद्धाला 'यादवी' म्हणावं का? आणि 'ओलीस' चालेल का?

शाईवाली
एका दिवाळी अंकाच्या कुमार विभागासाठी नॉर्स पुराणातली गोष्ट लिहितेय. एसिर आणि वनिर या दोन देवकुळांचं युद्ध. मथळा दिला होता 'देवांची यादवी'. संपादकबाईंनी 'यादवी'खाली लाल रेघ ओढली आणि समासात 'नक्की?' एवढंच लिहून परत पाठवलं.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गुल्वैग नावाची एक बाई एसिरांकडे येते. ते तिला आपला प्रमुख ओदिन याच्या वाड्यात भाल्यांनी भोसकतात आणि तीनदा जाळतात, पण ती तिन्ही वेळा जिवंत होते. मग युद्ध पेटतं. दोन्ही बाजू एकमेकांचा मुलूख उद्ध्वस्त करतात, पण कुणीच जिंकत नाही. शेवटी तह होतो आणि माणसांची अदलाबदल ठरते. वनिर आपला न्यॉर्द आणि त्याचा मुलगा फ्रेय देतात, एसिर हेनिर आणि मीमिर देतात. काही दिवसांनी वनिरांच्या लक्षात येतं की आपल्याला फसवलंय. ते मीमिरचं डोकं उडवून ओदिनकडे पाठवून देतात.

'यादवी' नको तर दुसरं काय? सुंदोपसुंदी? भाऊबंदकी? आणि अदलाबदलीत दिलेल्या माणसांना 'ओलीस' म्हणता येईल का? ओलीस म्हटलं की मुलांना बँकेतला दरोडा आठवेल, अशी भीती वाटते.

दौत-टाक
संपादकबाईंची रेघ बरोबर आहे. 'यादवी' ही यादवांची. मौसलपर्वात प्रभासक्षेत्री एकाच कुळातले लोक मद्य पिऊन भांडले, किनाऱ्यावरचं एरका गवत उपटून त्याच्या मुसळांनी एकमेकांना मारत सुटले आणि कुळ संपलं. पुढे मराठीने हा शब्द एका देशातल्या अंतर्गत युद्धासाठी रूढ केला. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या युद्धाला आपण यादवी युद्ध म्हणतोच. म्हणजे आधी एकी हवी, मग तिच्या चिंधड्या. एसिर आणि वनिर मुळात एक नव्हतेच.

'सुंदोपसुंदी' तर अजिबात नको. सुंद आणि उपसुंद सख्खे भाऊ, तिलोत्तमेपायी एकमेकांचा जीव घेतात, दोघेही खलास. वर्तमानपत्रांनी हा शब्द पक्षांतर्गत धुसफुशीला वापरून गुळगुळीत केलाय, तरी 'दोघांचाही नाश' हा त्याचा गाभा सुटत नाही. इथे दोघेही टिकतात. भाऊबंदकीला सामाईक आजा लागतो आणि वाटणीचा बांध लागतो.

सरळ 'युद्ध' म्हणा की. शब्द साधा आहे म्हणून कमी पडत नाही.

टीपकागद
थोडा विरोध नोंदवतो. आज आपण ओदिन, थोर, फ्रेया या सगळ्यांना एका दमात 'नॉर्स देव' म्हणतो. वाचणाऱ्या मुलांच्या डोक्यात ते एकाच घरचे असतात. मग त्यांच्यातलं भांडण वाचकाच्या बाजूने यादवीच वाटणार ना?

दौत-टाक
वाचकाला आधीपासून वाटतं तेच मथळ्यात छापायचं, तर गोष्ट कशाला लिहायची?

उत्तरवारा
टीपकागद, ते एका घरचे झाले ते या तहामुळे. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी या लेखकाने न्यॉर्दला एसिरांच्या यादीत बसवलं आणि लगेच पुढे लिहिलं की हा एसिरांच्या वंशातला नाही. शाईवालींनी 'यादवी' लिहिलं तर गोष्टीचा शेवट मथळ्यातच सांगून टाकला असं होईल.

आता मूळ साहित्यात काय आहे ते बघू. 'वोलुस्पा' नावाचं एक जुनं काव्य आहे. एक भविष्यवेत्ती स्त्री ओदिनला जगाची सुरुवात आणि शेवट सांगते, असा त्याचा बाज. त्यात हे युद्ध चारच कडव्यांत उरकलंय, तेही कोड्यात बोलल्यासारखं. पण त्या चार कडव्यांत दोन जागा शब्दांच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत.

पहिली जागा अशी. ओदिन शत्रूच्या सैन्यावरून भाला भिरकावतो आणि काव्य म्हणतं, हे जगातलं पहिलं युद्ध. भाला कुणाला मारायला फेकलेला नाही, समोरचं सगळं सैन्य आपल्या नावे करण्यासाठी फेकलाय. आइसलंडच्या एका सागामध्ये, म्हणजे जुन्या गद्यकथेत, एक माणूस लढाईआधी 'जुन्या रिवाजाप्रमाणे' असाच भाला शत्रूवरून टाकतो. तेव्हा शाईवाली, 'ओदिनने भाला मारला' असं लिहू नका, 'सैन्यावरून भाला फेकला' असं लिहा. लगेच पुढच्या ओळीत एसिरांच्या गढीचा फळ्यांचा तट फुटतो आणि वनिर रणांगण तुडवत असतात. म्हणजे भाला ओदिनचा, पण सरशी वनिरांची. त्या तटाला 'किल्ल्याची भिंत' म्हणू नका, दगडी वाटेल. आपल्याकडे 'मेढेकोट' हा नेमका शब्द पडून आहे, लाकडी मेढी रोवून केलेला कोट.

दुसरी जागा भाला फेकण्याच्या आधीची. देव न्यायासनांवर बसून खल करतात: एसिरांनी दंड भरावा, की सगळ्याच देवांना 'गिल्दी' मिळावं? या शब्दाचे अर्थ दोन, देणं आणि यज्ञाची मेजवानी. अभ्यासक इथे अडतात. मला विचाराल तर कवीला दोन्ही अर्थ हवे होते. मराठीत पहिल्या अर्थाला 'खंडणी' आहे आणि दुसऱ्याला अगदी चपखल 'हविर्भाग'. भांडण नुसत्या सोन्याचं नाही, पूजेत वाटा कुणाला यावरचं आहे. तहानंतर ओदिनने न्यॉर्द आणि फ्रेय यांना यज्ञाचे पुरोहित नेमलं, असं स्नोरी लिहितो. म्हणजे ज्या हक्कासाठी झगडा होता तो वनिरांना मिळाला, पण एसिरांच्या घरी राहून.

चकवा
एक बारीक सूचना. 'वनिर'च लिहा, 'वानिर' नको. मी 'वानिर' टंकतो आणि फोन त्याचं 'वानर' करतो. देव-वानर युद्ध म्हणजे भलतंच प्रकरण होईल.

आणि एक शंका. एसिर म्हणजेच आपले असुर, असं कुठेकुठे वाचायला मिळतं. खरं का?

उत्तरवारा
'एसिर'चं एकवचन 'आस'. त्याचं प्राचीन जर्मानिक रूप आणि संस्कृत 'असुर' एकाच मुळाचे, असं मानणारे भाषाशास्त्रज्ञ आहेत, न मानणारेही आहेत. त्यावर इमले बांधू नका. पक्कं नातं हवं असेल तर 'त्यूर' घ्या, एक हात गमावलेला तो देव. त्याचं नाव आणि आपला 'देव' हा शब्द एकाच मुळाचे. त्यावर वाद नाही.

मजा म्हणजे स्नोरीनेही व्युत्पत्ती लढवली होती. एसिर म्हणजे आशियातले, असं त्याने ठरवून टाकलं. त्याच्या सागामध्ये ओदिन हा डोन नदीच्या पूर्वेकडचा जादूगार राजा आहे आणि त्याच नदीच्या मुखाशी वनिरांचा देश. ख्रिस्ती झालेल्या आइसलंडमध्ये जुने देव सांगायचे तर त्यांना माणसं करणं सोयीचं होतं. ध्वनी जुळले की नातं जुळवायचं ही खोड आपलीच नाही.

शाईवाली
मेढेकोट आणि हविर्भाग दोन्ही घेतले. हविर्भागाला तळटीप द्यावी लागेल, पण देईन. आता ओलिसांचं बोला.

दौत-टाक
'ओलीस' घ्या, बिनधास्त. बँक दरोड्यातला ओलीस ही अलीकडची गोष्ट. जुना अर्थ असा: तह पाळला जाईल याची हमी म्हणून समोरच्याकडे ठेवलेला माणूस. हा माणूस पळवून नेलेला नसतो, ठरवून सुपूर्द केलेला असतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात किल्ले ताब्यात देईपर्यंत लहानगे संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत राहिले, ते याच अर्थाने. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूने आपले दोन मुलगे कॉर्नवॉलिसच्या हवाली केले तेव्हा मराठ्यांच्या वतीने हरिपंत फडके तिथे होते. ती मुलं १७९४ मध्ये परत गेली. मूळ नॉर्स शब्द 'गीस्ल' आहे ना? जर्मनमध्ये आजही 'गाइझल' म्हणजे ओलीसच.

गंमत बघा, 'खंडणी'चंही तेच झालं. दोन्ही शब्द राजकारणातून निघाले आणि आता गुन्हेवार्तांच्या पानावर राहतात. पण मुलांसाठीच्या गोष्टीत जुना अर्थ पुन्हा वापरायला मिळतोय तर सोडू नका. पहिल्यांदा येईल तिथे 'तहाची हमी म्हणून ठेवलेले ओलीस' असं लिहा, पुढे नुसतं 'ओलीस' पुरे.

टीपकागद
पण हमी तर एकतर्फी असते. जिंकणारा घेतो, हरणारा देतो. इथे दोघांनीही दिले. मग 'ओलीस' कसं? 'अदलाबदलीतली माणसं' किंवा 'दत्तक' का नको? न्यॉर्द तर तिकडचाच होऊन गेला.

उत्तरवारा
बरोबरीचा तह असेल तर दोन्हीकडून ओलीस दिले जातात, त्यात वावगं काही नाही. 'दत्तक' मात्र नको. न्यॉर्द किती का मुरला असेना, त्याचं ओलीसपण सुटलेलं नाही. 'वाफ्थ्रूद्निर' या राक्षसाच्या नावाच्या काव्यात ओदिन त्याला विचारतो की न्यॉर्द आला कुठून. राक्षस सांगतो: वनिरांच्या देशात तो घडला, देवांना ओलीस दिला गेला आणि युगान्ताला तो शहाण्या वनिरांकडे परत जाईल. म्हणजे याची मुदत जग बुडेपर्यंत! दत्तकाला परतीची तारीख नसते.

दुसरा पुरावा जरा घाणेरडा आहे, कुमार विभागात घालू नका. एका मेजवानीत कुरापतखोर लोकी एकेका देवाचा पाणउतारा करत सुटतो. न्यॉर्दची पाळी येते तेव्हा तो नेमकं हेच उकरून काढतो: तुला ओलीस म्हणून पाठवलं होतं आणि हिमिर राक्षसाच्या मुली तुझ्या तोंडात मुतल्या. न्यॉर्द काय म्हणतो? हो, दूरवर ओलीस म्हणून आलो खरा, पण माझं समाधान हे की कुणीही ज्याचा द्वेष करत नाही असा मुलगा माझ्या पोटी आला. टोमणा झोंबतो म्हणजे तो शब्द अजून जिवंत आहे.

शाईवाली
हे भारीच. न्यॉर्दचं उत्तर घेते, लोकीचं गाळते.

आता फसवणुकीचा भाग. मी लिहिलंय: 'एसिरांनी कपट केले.' हेनिरचं वर्णन 'मूर्ख' असं केलंय. दोन्ही जरा सपाट वाटतंय.

दौत-टाक
सपाट आहेच. 'कपट' म्हटलं की विष, लाक्षागृह असलं काही डोळ्यापुढे येतं. इथे माणूस दिलाय, धडधाकट दिलाय, फक्त तो कामाचा नाही. त्याला मराठीत 'गळ्यात मारणं' म्हणतात. हेनिर वनिरांच्या गळ्यात मारला.

उत्तरवारा
वा! स्नोरीच्या वाक्याच्या अगदी जवळ गेलात. एसिरांनी माणसांच्या अदलाबदलीत खोट केली असा वनिरांना संशय आला, असं तो लिहितो. नाण्यात हीणकस धातू मिसळावा तशी खोट. आणि 'संशय आला' म्हणतो, 'सिद्ध झालं' म्हणत नाही. ते 'संशय' तेवढं राखा.

त्याने सौदा कसा रंगवलाय बघा. एसिर सांगतात की हेनिर सरदारकीला अगदी लायक, उंचापुरा, देखणा. सोबत मीमिर देतात, सर्वांत शहाणा. वनिर खूश होऊन आपला सर्वांत चतुर माणूस क्वासिरही वर देतात. हेनिर वनिरांच्या देशात पोचताच नायक होतो. मीमिर जवळ असला की सगळं सुरळीत. मीमिर नसताना सभेत अवघड प्रश्न आला की हेनिरचं उत्तर ठरलेलं: 'राऽदि आद्रिर'. म्हणजे ठरवू देत दुसऱ्यांना.

चकवा
म्हणजे नंदीबैल! वाजवणारा शेजारी असेपर्यंत मान डोलावणार. झूल बाकी झकास.

शाईवाली
नंदीबैल पक्का! पण एक सांगा, राग हेनिरवर असेल तर डोकं मीमिरचं का उडवलं? मुलं हा प्रश्न विचारणारच.

उत्तरवारा
स्नोरी कारण देत नाही. मला वाटतं, वनिरांनी हिशेब केला: शहाणपण एसिरांनी दिलंच नाही, नुसतं उसनं पाठवलं, तर ते परत. आणि ओदिनने ते परत घेतलंही. डोकं सडू नये म्हणून त्याला औषधी वनस्पती चोळल्या, मंत्र म्हटले आणि ते डोकं त्याच्याशी बोलू लागलं, गुपितं सांगू लागलं. म्हणजे सल्लागार शेवटी ओदिनकडेच. न्यॉर्द ओदिनकडे, फ्रेयही त्याच्याकडे. न्यॉर्दची मुलगी फ्रेया हिने वनिरांची 'सैद' नावाची जादू एसिरांना शिकवली, तीही ओदिनकडे. वनिरांकडे उरला हेनिर. युद्धात कमावलं आणि तहात गमावलं हे इतकं शब्दशः क्वचितच घडत असेल.

मात्र 'मूर्ख' काढाच. 'नंदीबैल' हा वनिरांच्या तोंडचा शब्द म्हणून ठेवा, निवेदकाचा नको. वोलुस्पात पहिल्या स्त्री-पुरुषांना बुद्धी देणारा देव हेनिरच आहे आणि जगबुडीनंतर उरलेल्यांत भविष्याचे कौल लावणाराही हेनिरच. त्याचा ठोंब्या स्नोरीने केला.

टीपकागद
'सैद'ला काय म्हणायचं? जादू फार गोड वाटते.

दौत-टाक
चेटूक. बायकांनी करायचं, पुरुषाने केलं तर नावं ठेवतील, ही छटाही त्यात बरीचशी येते.

उत्तरवारा
चेटूक चालेल. ओदिनने ते केलं म्हणून लोकी त्यालाही त्याच मेजवानीत टोचतो.

टीपकागद
आणि तो चतुर क्वासिर? त्याचं पुढे काय झालं?

उत्तरवारा
त्याची दुसरी हकीकत आहे, तीही स्नोरीचीच. तहाच्या वेळी दोन्ही पक्ष एका भांड्यात थुंकतात आणि त्या थुंकीतून क्वासिर जन्मतो. दोन बुटके त्याला मारून त्याच्या रक्तात मध मिसळतात, ते काव्याचं मद्य. ओदिन पुढे तेही लबाडीने पळवतो. फ्रेंच अभ्यासक दुमेझिल याने याची जोड आपल्या वनपर्वाशी लावली. इंद्र अश्विनीकुमारांना सोमाचा वाटा नाकारतो, च्यवन ऋषी 'मद' नावाचा राक्षस उभा करतो, इंद्र नमतो, मग मदाचे तुकडे करून दारू, स्त्रिया, फासे आणि शिकार यांत वाटले जातात. तिथेही भांडण हविर्भागाचंच. सगळ्यांना ही तुलना पटत नाही, पण शाईवालींच्या तळटीपेला हा सोमाचा वाटा उपयोगी पडेल.

शाईवाली
सुधारलेला परिच्छेद टाकतेय, बघा: 'मेढेकोट फुटला तरी युद्ध संपेना. शेवटी दोन्ही कुळांनी तह केला आणि हमी म्हणून ओलीसांची अदलाबदल ठरली. वनिरांनी न्यॉर्द दिला. एसिरांनी हेनिर गळ्यात मारला, असा वनिरांना पुढे संशय आला.' मथळा: 'जगातलं पहिलं युद्ध'.

दौत-टाक
'ओलिसांची', ह्रस्व लि. गरीब-गरिबांची तसं. बाकी पाठवून द्या.