आर्सेनलला आपणच हरभऱ्याच्या झाडावर चढवले का?

रातपाळी (धागाकर्ता)

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा 2022-23 चा हंगाम 28 मे रोजी संपला. मँचेस्टर सिटी 89 गुणांसह विजेते ठरले आणि आर्सेनल 84 गुणांसह दुसरे. आर्सेनलने या हंगामात 248 दिवस गुणतालिकेत अव्वल स्थान राखले होते. इतके दिवस वर राहूनही विजेतेपद हुकलेला संघ इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत याआधी झालेला नाही. मी स्वतः आर्सेनलचा पाठीराखा आहे, आणि तरीही आता शांत डोक्याने विचार केल्यावर मला वाटते की जानेवारीपासून या संघाचा जो उदोउदो झाला तो त्याच्या कुवतीपेक्षा बराच जास्त होता.

पहिल्या 19 सामन्यांत 50 गुण ही कमाई थक्क करणारी होती, यात वाद नाही. परंतु ते 50 गुण संघाने मिळवले, असे म्हणण्यापेक्षा त्याच त्या अकरा जणांनी मिळवले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. संघाची खरी खोली, म्हणजे राखीव खेळाडूंची ताकद, किती आहे हे तोवर तपासलेच गेले नव्हते. ते 16 मार्चला, युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या सामन्यात, तपासले गेले. त्या एका रात्री तोमियासू आणि सालिबा हे दोघेही बचावपटू जायबंदी झाले आणि संघ पेनल्टींवर स्पर्धेबाहेरही गेला. सालिबा खेळला त्या 27 लीग सामन्यांत आर्सेनलने 25 गोल खाल्ले होते. त्याच्याविना झालेल्या उरलेल्या 11 सामन्यांत 18 खाल्ले. एकविशीतल्या एका बचावपटूची पाठ दुखावली म्हणून ज्या संघाची बचावफळी उघडी पडते, त्याला चांगला संघ जरूर म्हणावे, पण विजेतेपदाचा दावेदार म्हणताना थोडे थांबायला हवे होते.

दुसरी गोष्ट मनाला अधिक लागते. ज्याच्याशी विजेतेपदाची शर्यत होती त्या सिटीने आपल्याला फेब्रुवारीत आपल्याच मैदानावर 3-1 असे आणि एप्रिलमध्ये त्यांच्या मैदानावर 4-1 असे हरवले. हे दोन सामने नुसते बरोबरीत सुटले असते तरी शेवटी आर्सेनलचे 86 आणि सिटीचे 85 गुण झाले असते. दावेदारी जिथे सिद्ध करायची असते नेमक्या तिथे आपण उणे पडलो. तुमचे मत काय?

आकडेमोड

रातपाळी, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ‘अवास्तव उदोउदो’ म्हणायचे असेल, तर कोणी, केव्हा आणि काय म्हटले होते हे आधी ठरवावे लागेल. मागच्या हंगामात हा संघ 69 गुणांसह पाचवा आला होता आणि त्याआधी दोन वर्षे सलग आठवा. ऑगस्टमध्ये आर्सेनल विजेते होतील असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी भेटला नव्हता. पहिल्या चारांत येऊन चॅम्पियन्स लीगमध्ये परतणे, एवढेच तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. अगदी जानेवारीतही गॅरी नेव्हिलसारखा जाणकार आर्सेनल जिंकणार नाही असेच सांगत होता, आणि त्याबद्दल आपणच त्याला नावे ठेवत होतो. म्हणजे हवा झाली ती गुणतालिकेमुळे, आणि गुणतालिकेतले गुण कोणी उसने दिलेले नव्हते.

आता 84 गुणांकडे पाहा. 2010-11 मध्ये मँचेस्टर युनायटेड 80 गुणांवर विजेते झाले, 2015-16 मध्ये लेस्टर 81 वर, आणि 1997-98 मध्ये खुद्द आर्सेनलने 78 गुणांवर दुहेरी मुकुटातला (लीग आणि एफए कप) लीगचा अर्धा भाग मिळवला होता. ज्या कामगिरीवर इतर वर्षी करंडक मिळतो, ती यंदा अपुरी पडली याचे कारण सिटीने फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत लीगमधले सलग 12 सामने जिंकले आणि हालांड नावाच्या माणसाने एकट्याने 36 गोल केले. समोर असा संघ असताना दुसरे येणे हा दावेदार नसल्याचा पुरावा कसा होतो?

शिवाय एप्रिलमधल्या लिव्हरपूल, वेस्ट हॅम आणि साउदम्प्टन या तीन बरोबऱ्यांपैकी प्रत्येक सामना आपल्या हातात होता. तिन्ही जिंकले असते तर 90 गुण झाले असते, म्हणजे सिटीपेक्षा एक अधिक.

शेवटचा बाक

आकडेमोड, 90 गुणांचा हिशेब कागदावर छान दिसतो, पण तो खोटा आहे. आर्सेनल 20 मे रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1-0 असे हरले तेव्हाच सिटीचे विजेतेपद पक्के झाले, आणि तेव्हा सिटीचे 85 गुण होऊन तीन सामने शिल्लक होते. त्यानंतर त्यांनी ब्रायटनशी बरोबरी केली आणि ब्रेंटफर्डकडून हार पत्करली, कारण जिंकण्याची निकड उरलेली नव्हती आणि पुढे इतर स्पर्धांचे दोन अंतिम सामने होते. आर्सेनल मागे लागलेले असते तर सिटी 89 वर थांबले असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आणि ‘हातात होता’ या शब्दांबद्दलही थोडे बोलायला हवे. वेस्ट हॅमविरुद्धचा सामना रविवारी आपल्या संध्याकाळी साडेसहाला होता, त्यामुळे घरातले सगळे जागे होते आणि माझी शोभा सगळ्यांसमोर झाली. सातव्या मिनिटाला जेसुस, दहाव्या मिनिटाला ओडेगार्ड, असे दोन गोल झाल्यावर वडील म्हणाले, “झालं की रे, आता काय बघायचं यात?” मलाही तसेच वाटले, आणि मैदानावरच्या अकरा जणांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यानंतरची वीस मिनिटे चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. पायाच्या टाचेने दिलेले पास, सावकाश घेतलेले थ्रो-इन, तिसऱ्या गोलाची घाई कोणालाच नाही. मग पार्टेने स्वतःच्या भागात चेंडू गमावला, गॅब्रिएलने पाकेटाला पाडले आणि बेनराहमाने 33 व्या मिनिटाला पेनल्टी मारून सामना परत उघडला. मध्यंतरानंतर 52 व्या मिनिटाला आपल्याला पेनल्टी मिळाली; साकाने ती गोलखांबाच्या बाहेर मारली. त्यावर हळहळणे संपायच्या आत बोवेनने 2-2 केले.

त्याच्या आदल्या रविवारी लिव्हरपूलमध्येही दोन गोलांची आघाडी अशीच गेली होती. एकदा घडले तर अपघात म्हणता येईल. आठ दिवसांत दोनदा घडल्यावर मी त्याला अनुभवाचा अभाव म्हणतो. दाव्याचे ओझे खांद्यावर आल्यावर हा संघ वेगळा खेळू लागला, हे मान्य करायला हरकत नसावी.

सासष्टीकर

शेवटचा बाक यांनी वेस्ट हॅमचे वर्णन अचूक केले आहे, पण लिव्हरपूलचा सामना त्यांनी दोन शब्दांत उरकला, ते योग्य नाही. त्या सामन्यात लिव्हरपूलच्या सालाहने पेनल्टी बाहेर मारली, आणि 87 व्या मिनिटाला फर्मिनोने बरोबरी साधल्यानंतर आपला गोलरक्षक राम्सडेलने जे अडवले ते पाहता तो एक गुण गमावलेला नसून वाचवलेला होता. ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, बरोबरी करणारा संघ ढेपाळला, असे म्हणायची पद्धत केव्हापासून पडली?

उदोउदो या शब्दालाच माझा आक्षेप आहे. आघाडी घेऊन मागे पडलेल्या प्रत्येक संघाला आपण मागाहून ‘मुळात तेवढ्या योग्यतेचा नव्हता’ असे ठरवून टाकतो. 1995-96 मध्ये न्यूकॅसल जानेवारीत 12 गुणांनी पुढे होते आणि युनायटेडने त्यांना गाठले. म्हणून न्यूकॅसल दावेदार नव्हते का? आम्हा गोवेकरांना तर हे दुखणे घरचेच आहे. 2015 साली फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 असा पुढे गेला आणि पाचेक मिनिटांत चेन्नईयिन 3-2 असे विजेते झाले. त्या रात्री मैदानातून घरी चालत येताना कोणीही असे म्हणत नव्हते की आपला संघ फाजील गाजवला गेला होता. लोक हळहळत होते, कारण संघ तिथपर्यंत पोचण्याच्या लायकीचा होता. (एक-दोन जण गोलरक्षकाबद्दल जे म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही.)

कोपऱ्यातला झेंडा

सिटीवर लीगने फेब्रुवारीत आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले आहेत, हे सर्वजण सोयीस्करपणे विसरत आहेत.

आकडेमोड

कोणीही विसरलेले नाही. पण त्या आरोपांचा निकाल काहीही लागला तरी साउदम्प्टनविरुद्ध 28 व्या सेकंदाला राम्सडेलने चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला तो दिलाच. तो विषय वेगळ्या धाग्यात घ्यावा.

रातपाळी

सासष्टीकर यांचा ॲनफिल्डबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. तिथला एक गुण कमाईचाच होता. परंतु साउदम्प्टनचे नाव आता निघालेच आहे, तर मूळ प्रश्नाकडे परत येतो. 21 एप्रिलला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, तळाला असलेल्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावर आपण पहिल्या मिनिटाला मागे पडलो. चौदाव्या मिनिटाला दुसरा गोल वॉलकॉटने केला, ज्याच्यासाठी याच प्रेक्षकांनी अनेक वर्षे टाळ्या वाजवल्या होत्या. 88 व्या मिनिटापर्यंत 3-1 अशी पिछाडी होती. मग ओडेगार्ड आणि साका यांनी बरोबरी करून दिली, ट्रोसार्डचा फटका आडव्या दांड्यावर आदळला, आणि आपण सगळ्यांनी जिद्दीचे कौतुक केले. मीही केले. पण ज्यांना दावेदार म्हणायचे त्यांनी तळाच्या संघाविरुद्ध 88 मिनिटे पिछाडीवर असणे, यात कौतुकाचे काय होते?

आणि अशी जिद्द आपण वर्षभर मोजत आलो होतो. ॲस्टन व्हिलाविरुद्ध भरपाईच्या वेळेत दोन गोल. बोर्नमथने नवव्या सेकंदाला गोल केल्यावर 2-0 अशा पिछाडीवरून 97 व्या मिनिटाला रीस नेल्सनने जिंकून दिलेला सामना. युनायटेडविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला एन्केतियाचा गोल. त्या प्रत्येक वेळी आपण म्हणालो की विजेते असेच जिंकतात. मला आता असे वाटते की तेव्हाच कोणीतरी विचारायला हवे होते, बोर्नमथविरुद्ध 97 व्या मिनिटाची गरजच का पडली?

सासष्टीकर

सिटी किंवा लिव्हरपूल असे उशिराने जिंकले की त्याला आपण चिवटपणा म्हणतो. आर्सेनल जिंकले की ते नशीब होते, असे मागाहून म्हणायचे. एकच माप लावा एवढीच विनंती.

आकडेमोड

रातपाळी, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझे उत्तर द्यायचे राहिले होते. संघाला खोली नव्हती हे तुम्ही गृहीत धरता, ते मला पटत नाही. सालिबा गेल्यावर लिव्हरपूल, वेस्ट हॅम, साउदम्प्टन आणि सिटी या चारही सामन्यांत प्रशिक्षक आर्टेटाने रॉब होल्डिंगला त्याच्या जागी उभे केले. सिटीने तर त्याच्यावरच डाव रचला होता: सातव्या मिनिटाला स्टोन्सचा लांब चेंडू, हालांडने पाठीवर होल्डिंगला घेऊन तो अडवला, बाजूने धावत आलेल्या डी ब्रायनाला दिला आणि त्याने दुरून गोल केला. त्या क्षणी बचावपटू याकुब किवियोर राखीव बाकावर होता. त्याला जानेवारीतच स्पेझियाकडून विकत घेतले होते. सिटीविरुद्धच्या हारीनंतर त्याला संधी मिळाली आणि चेल्सीवर 3-1, न्यूकॅसलवर त्यांच्याच घरी 2-0 असे सलग दोन विजय आले. खेळाडू होता, त्याला खेळवण्याचे धाडस एप्रिलमध्ये झाले नाही. ही प्रशिक्षकाची चूक आहे. त्यावरून संघाची योग्यता कमी ठरत नाही.

शेवटचा बाक

प्रशिक्षक संघाबाहेरचा असतो का? पाठीराख्यांनी जेव्हा हवा केली तेव्हा त्यात आर्टेटाचेही गोडवे होतेच. डिसेंबर 2019 मध्ये आलेल्या या माणसाने काय किमया केली, यावर याच ठिकाणी पानेच्या पाने लिहून झाली आहेत. त्यातली दोन मीच लिहिली आहेत.

रातपाळी

आकडेमोड, किवियोरचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, आणि तो वजनदार आहे हे कबूल करतो. सिटीविरुद्ध होल्डिंगला बघताना मीही दूरचित्रवाणीसमोर बसून किवियोरचेच नाव घेत होतो, हे आता आठवले. तेव्हा ‘खोली नव्हती’ हे माझे वाक्य ‘खोली वापरली नाही’ असे बदलून वाचावे.

पण दोन सामन्यांवरून त्याला उपाय ठरवू नका. 14 मे रोजी ब्रायटनने घरी येऊन 3-0 असे हरवले, तेव्हा तोच किवियोर संघात होता.