खापरावरच्या मांड्यांचे शॉर्ट्स: लोक पाचव्या सेकंदाच्या आत निघून जातात, एडिटिंगमध्ये काय बदलू? (मदत हवी आहे)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. माझी मामी जळगाव जिल्ह्यात आमच्या गावी खापरावरचे मांडे (पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) करते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि लग्नसराईत तिला दम घ्यायला फुरसत नसते, एरवी मात्र खापर माळ्यावर पडून असतं. वर्षभर थोड्याथोड्या ऑर्डरी याव्यात आणि खानदेशाबाहेरच्यांनीही हे काम पाहावं, म्हणून मी तिचे छोटे व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्सवर आणि इन्स्टाग्रामवर टाकते. शूटिंग फोनवर, उभ्या फ्रेममध्ये. एडिटिंग व्हीएन अ‍ॅपवर.

व्हिडिओ साधारण सव्वा मिनिटाचा असतो. सुरुवातीला मी नमस्कार करून गावाचं नाव सांगते. मग वस्त्रगाळ पीठ, पाण्याचा हात लावत आपटून तिंबलेली सैल कणीक, पुरण, भरलेला गोळा, तो हातांवर फिरवत मोठा करणं आणि शेवटी तापलेल्या पालथ्या खापरावर मांडा पडतो. यूट्यूब स्टुडिओमधला, किती लोक कुठवर टिकले ते दाखवणारा आलेख पाहिला तर रेघ पाच सेकंदांच्या आत धाडकन खाली येते. गंमत अशी की मांडा हातांवर पसरतो तिथे ती जरा वर चढते. म्हणजे जे तिथवर टिकतात ते मागे जाऊन पुन्हा बघतात.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या ओळखीतल्या एका मुलाने माझ्याच क्लिप घेऊन एक नमुना करून दिला. दर सेकंदाला कट, प्रत्येक कटला झूम आणि सुईं असा आवाज, खाली चालू ट्रेंडचं गाणं. त्यात मामी काय करते तेच कळत नाही. गोळा दिसतो आणि लगेच भाजलेला मांडा. कोपरापर्यंत पसरलेली ती पातळ कणीक न फाटता कशी फिरते, हे बघायला मिळणार नसेल तर व्हिडिओ करायचा कशाला?

लोक थांबावेत, पण मामीच्या हातांचा वेग तसाच राहावा, असं एडिटिंग कसं करायचं? सुरुवात कुठून करू, कुठे कापू? आवाजाचं काय करू? मामी अहिराणीत बोलते, तिचं बोलणं ठेवून खाली मराठी ओळी द्याव्यात का?

कट_टू_कट

ताई, टीव्हीसाठी बरीच वर्षं संकलन करतोय, त्यावरून सांगतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या आलेखातच आहे. रेघ वर चढते तोच तुमचा व्हिडिओ. बाकीचं सगळं त्याच्या सेवेला लावा, जे लागत नाही ते काढा.

नमस्कार आणि गावाचं नाव आधी उडवा. ते अक्षरांत वर येऊ द्या, त्यासाठी बघणाऱ्याला थांबवू नका. पीठ गाळणं आणि पुरण शिजवणं याचा वेगळा व्हिडिओ करा, तो बघणारे लोकही आहेत. इथे सुरुवात भरलेल्या गोळ्यापासून करा आणि पहिल्याच शॉटमध्ये हात चाललेले हवेत. हात गोळ्याकडे जातायत, असं नको. गोळा हातांवर आलाय आणि फिरायला लागलाय, तिथून सुरू करा.

बघणाऱ्याच्या मनात त्या क्षणी एकच प्रश्न असतो: हे फाटेल का? तो प्रश्न जिवंत आहे तोवर माणूस हलत नाही. म्हणून गोळा फिरायला लागल्यापासून खापरावर पडेपर्यंत एकही कट देऊ नका. दहा-बारा सेकंद लागत असतील तर लागू द्या. मध्ये कट दिला की बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी लपवलं. वेग वाढवणंही नको, स्लो मोशनही नको. मामींचा वेग हेच त्यांचं कौशल्य आहे.

कापायला जागा दोनच. एक, मांडा खापराला टेकतो त्या क्षणी जवळच्या शॉटवर जा. कट हालचालीच्या मध्यात द्या, मांडा पडून स्थिर झाल्यावर नको. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष मांडले. भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10 आणि नजर कुठे आहे याला 7. ही नजर फोनच्या उभ्या पडद्यावर फार कामाची. लांबच्या शॉटमध्ये बघणाऱ्याचे डोळे मांड्याच्या खालच्या कडेवर असतील, तर जवळच्या शॉटमध्ये खापर पडद्याच्या त्याच भागात दिसलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक कटला डोळे शोधत बसतात आणि अंगठा पुढे सरकवतो. दुसरा कट भाजल्यावर, घडी घालताना. तिथे संपवा. सगळं मिळून तीस-पस्तीस सेकंद पुष्कळ झाले.

रीलवाला_नाशिक

मला हे पटत नाही. आधी तयार मांडा दाखवा, वाफ, तूप, वाटीत आमरस. लोक खाण्यावर थांबतात. मग ‘हे असं बनतं’ म्हणत मागे जा. माझ्या खाण्याच्या रील अशाच चालतात.

कट_टू_कट

हॉटेलच्या पदार्थाला ते चालतं, तिथे चव विकायची असते. इथे शेवट आधीच दाखवला की ‘फाटेल का’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन सेकंदांतच मिळतं आणि मांडा पसरण्यातला सगळा ताण निघून जातो. आमरस शेवटी ठेवा, तोही अर्धाच शॉट. ऑर्डर देणाऱ्याला तेवढा पुरतो. तरी दोन्ही करून बघायला हरकत नाही. फक्त तुलना व्ह्यूजच्या आकड्यावर करू नका. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सवर व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. जुन्या पद्धतीची मोजणी आता एंगेज्ड व्ह्यूज या नावाखाली वेगळी दिसते, ती बघा. त्याच्याच जोडीला किती जणांनी व्हिडिओ पाहिला आणि किती जणांनी सरकवला, ते प्रमाणही बघा.

आवाजघर

आवाजावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गाणं पूर्ण काढा. कणीक ओट्यावर आपटते तो थप्प आवाज, बांगड्या, चुलीत लाकूड तडकतं ते, आणि मांडा खापराला टेकतो तेव्हा येणारा बारीक चर्र. एवढं स्वच्छ मिळालं तर दुसरं काही लागत नाही. फोन लांब ट्रायपॉडवर असेल तर हे आवाज त्यात येणार नाहीत. घरातला दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून मामींच्या जवळ, चुलीच्या आचेपासून लांब ठेवा आणि त्यावर नुसता आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्हीकडची टाळी जुळवून घ्या.

आणि एक करून पाहा. आपटण्याचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा. आम्ही याला ‘जे-कट’ (इंग्रजी J) म्हणतो. काळ्या पडद्यावर नव्हे हं, आधीच्या चित्रावर. कान आधी पोहोचतो आणि डोळे मागोमाग येतात, त्यामुळे कट जाणवतच नाही.

मामींचं अहिराणी बोलणं अजिबात काढू नका. त्या काम करताना पुटपुटतात तेही ठेवा. त्यावर तुमचं निवेदन मात्र नको, एका वेळी एकच माणूस बोलू दे.

अक्षरवेडा

मराठी ओळींबद्दल. पडद्याचा खालचा पट्टा आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे व्हिडिओचं शीर्षक आणि लाइक-शेअरची बटणं येतात. मांडा फ्रेमच्या मध्यात पसरणार असेल तर ओळी वरच्या एक तृतीयांश भागात द्या. एका वेळी एकच ओळ, फार तर दोन. ओळ स्वतः मोठ्याने वाचून बघा, वाचून होईपर्यंत ती पडद्यावर राहिली पाहिजे. काही अ‍ॅपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo) हे ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे फाँट मोफत आहेत, जाड वजनात छोट्या पडद्यावर छान उठतात. आणि मांडा हातांवर असताना पडद्यावर एकही अक्षर नको. तेव्हा वाचायला कोणाला वेळ आहे!

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या क्लिपवरच नवा क्रम लावून बघितला. गोळा हातांवर फिरतोय तिथून सुरू, मध्ये कट नाही, घडीवर शेवट. मामीला दाखवला तर ती न बोलता शेवटपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, फुंकणीचा आवाज पण घे.

पण जुन्या शूटिंगमध्ये दोन अडचणी आहेत. चूल भडकली की पूर्ण चित्र काळवंडतं आणि विझत आली की पांढरं पडतं. शिवाय मी मामीच्या समोरून शूट केलंय, त्यामुळे मांडा पसरला की मागची पांढरी भिंत आणि मांडा एकच दिसतं. पातळपणा कळतच नाही. पुन्हा शूट करायचं तर कॅमेरा कुठे ठेवू?

कट_टू_कट

आधी एक्सपोजर लॉक करा, म्हणजे फोन चित्राचा उजेड आपोआप कमीजास्त करणार नाही. मामींच्या हातांवर बोट दाबून धरा, लॉकची खूण येईपर्यंत. मग चूल भडकली तरी चित्र काळवंडणार नाही.

कॅमेरा बाजूला घ्या, खापराच्या उंचीवर, म्हणजे मांडा वरून फ्रेममध्ये उतरताना दिसेल. स्वयंपाकघराचं दार कुठे आहे? ते मामींच्या पलीकडे आलं पाहिजे. उजेड मांड्याच्या मागून आला की कणकेतून बोटांच्या सावल्या दिसतात, पुरण कुठे सरकतंय तेही दिसतं. तेवढ्यासाठी खापर चुलीसकट दुसऱ्या बाजूला न्यावं लागलं तरी न्या. परसात तीन दगडांची चूल मांडता येत असेल तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ऊन तिरपं असताना शूट करा. वारा पडलेला असेल असा दिवस बघा, नाहीतर धूर थेट लेन्सवर येतो.

तापीकाठ

दार मामीच्या समोर, माझ्या पाठीमागे आहे, म्हणजे बाजूने शूट करायचं तर चूल फिरवावीच लागेल. परसात जागा आहे. मामीला विचारते आणि रविवारी तिथेच मांडते.