नवशिक्यांना व्हार शिकवणं बंद करा (माझं मत, तुमचं सांगा)

पाटीपेन्सिल
शनिवार-रविवारी मी वेबपेज बनवायला शिकवते. बॅचमध्ये कोण बारावीचं, कोण बँकेत नोकरी करणारं, एक-दोन गृहिणी, म्हणजे प्रोग्रामिंगशी आधी काही संबंध नसलेलेच जास्त. एचटीएमएल, सीएसएस सुरळीत पार पडतं आणि जावास्क्रिप्टच्या पहिल्या तासाला व्हेरिएबल (माहिती ठेवायला दिलेलं नाव) आलं की घोडं पेंड खातं. माझं मत सरळ सांगते, सुरुवातीचे दोन महिने व्हार फळ्यावर येताच कामा नये. व्हेरिएबल जाहीर करायचे तीन शब्द, व्हार, लेट आणि कॉन्स्ट; त्यातले लेट आणि कॉन्स्ट, बास.

आता लगेच सगळे होइस्टिंग (जाहीर करायच्या ओळीआधीच नाव ओळखलं जाणं), स्कोप (नाव कुठवर चालतं ते) वगैरे काढतील. ती कारणं बरोबरच आहेत पण नवशिक्याला ती जाणवत नाहीत हो, पहिल्या आठवड्यात कोण लूपमध्ये सेटटाइमआउट (काम थोड्या वेळानं करायला सांगणारं) लिहितंय? माझं कारण वेगळं आहे. नवशिका व्हेरिएबलला पहिली नावं कुठली देतो ते बघा: नेम, स्टेटस, टॉप, लोकेशन. आणि नेमकी हीच नावं ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टवर (उघडलेल्या पानाची माहिती ज्याच्या खणांत, म्हणजे प्रॉपर्टीत, असते तो) आधीपासून ठाण मांडून बसलीयेत. साध्या स्क्रिप्टमध्ये, फंक्शनच्या बाहेर व्हार लिहिलं की नवीन काही तयार होतच नाही, जे लिहाल ते विंडोवरच्या त्या जुन्या प्रॉपर्टीत जाऊन पडतं. (कोडपण देवनागरीतच टाइप करतेय, सांभाळून घ्या.)

व्हार स्टेटस = फॉल्स;
इफ (स्टेटस) अलर्ट("फी भरली");

फी भरलेली नाही तरी अलर्ट येतो! कारण विंडोच्या स्टेटसमध्ये फक्त स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) राहते, फॉल्स आत गेलं की त्याचा नुसता मजकूर होतो आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग इफला खरीच वाटते. व्हार लोकेशन = "नाशिक" लिहिलं तर अजून मजा, पानच उडून जातं, ब्राउझर नाशिक नावाची फाईल शोधायला निघतो. व्हार टॉप = १० लिहून कन्सोलवर (ब्राउझरच्या कोड तपासायच्या खिडकीत) छापा, दहा येत नाही, अख्खा विंडो ऑब्जेक्ट समोर येतो, आणि एरर? एकही नाही. समोरच्याला वाटतं आपलंच डोकं चालत नाही. लेट लिहिलं तर नेम आणि स्टेटस नीट चालतात, आणि टॉप-लोकेशनला ब्राउझर तोंडावर सांगतो की हे नाव आधीच घेतलेलं आहे.

बॅकएंडवाला
ताई, मुद्दा भारी आहे पण राग चुकीच्या माणसावर काढताय. व्हारचा काय दोष, नाव बदला ना! नेम ऐवजी स्टुडंटनेम, स्टेटस ऐवजी फीस्टेटस. नाव नीट द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावली तर हा प्रश्न उरतच नाही. दुसरं म्हणजे लेट-कॉन्स्ट भाषेत आले २०१५ साली, आणि जावास्क्रिप्ट आहे १९९५ ची. वीस वर्षांचा कोड व्हारमध्ये पडलाय, नेटवर कुठलंही जुनं उत्तर उघडा, कुठलीही जेक्वेरीवाली (ती जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) साइट उघडा, व्हारच दिसणार. तुमचा विद्यार्थी पहिल्या नोकरीत जाईल तिथं त्याला असलीच जुनी साइट सांभाळायला देतील आणि हा विचारणार की हे व्हार काय आहे. मग नाव कुणाचं खराब होणार?

पाटीपेन्सिल
व्हार म्हणजे काय हे न सांगता कोणी बाहेर पडावं असं मी म्हणालेच नाही, फक्त आधी नको म्हणतेय. आणि नाव बदला म्हणताय, पण ते बदलायला हवं हे त्याला कळणार कसं? एररच येत नाही ना. नेमचं तर अजून विचित्र आहे, नुसतं व्हार नेम असं लिहून पान रिफ्रेश करा, मघाचं नाव तसंच असतं, कारण विंडोचं नेम त्या टॅबमध्ये टिकून राहतं. हे मी चाळीस वर्षांच्या बँकवाल्या काकांना पहिल्या तासाला कसं समजावू?

ज्युनिअर_कॉलेजवाली
मी अकरावी-बारावीला आयटी घेते. बारावीला जावास्क्रिप्ट आहे, मुलांच्या हातात येणाऱ्या जवळपास सगळ्या नोट्सच्या झेरॉक्समध्ये व्हार आहे आणि मुलांना मार्क हवेत. मी वर्गात लेट लिहिलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, नोट्समध्ये तर वेगळं आहे." मग अर्धा तास हेच सांगण्यात जातो की दोन्ही बरोबर आहे. त्यापेक्षा जे छापलंय ते शिकवावं, पुढं ज्याला करिअर करायचंय तो शिकेल लेट. आदर्श पद्धत कुठली हे मलाही कळतं, पण प्रॅक्टिकलच्या तासाला मुलं किती आणि कॉम्प्युटर किती हे धाग्यावर कोण विचारतं?

खिडकीबाहेर
एवढा वाद कशाला? स्क्रिप्टच्या टॅगला टाइप मॉड्युल लावा (म्हणजे तिची नावं तिच्यापुरतीच राहतात), विषय संपला. मॉड्युलमध्ये वरच्या पातळीचं व्हारसुद्धा विंडोवर जात नाही, स्ट्रिक्ट मोड (कडक नियम) आपोआप चालू होतो, नेम, टॉप, लोकेशन काय वाट्टेल ते नाव द्या.

टेस्टर_मावशी
@खिडकीबाहेर, तुम्ही नवशिक्याला शेवटचं कधी शिकवलंय? तो डेस्कटॉपवर फाईल सेव्ह करतो आणि डबल क्लिक करून क्रोममध्ये उघडतो. तशी उघडलेल्या पानात मॉड्युलची वेगळी फाईल जोडली तर क्रोम ती लोडच करत नाही, सुरक्षेच्या नियमात अडवतो. म्हणजे आधी लोकल सर्व्हर शिकवा. बरं तेही केलं, पण एचटीएमएलमध्ये ऑनक्लिक लिहून फंक्शन बोलवलं तर मॉड्युलमधलं फंक्शन त्याला दिसतच नाही. आगीतून फुफाट्यात.

आणि खरं सांगू का, हा सगळा व्हार-लेटचा वाद मला चुकीच्या जागी वाटतो. मी रोज लोकांचे फॉर्म टेस्ट करते आणि तिथं जे सापडतं ते वेगळंच असतं. दोन इनपुट बॉक्स, एकात २०, दुसऱ्यात ३०, बेरीज दाबली की उत्तर २०३०. कारण इनपुटची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग येते, बॉक्सचा टाइप नंबर ठेवला तरी, आणि प्रॉम्प्टनं विचारलं तरी तेच. अधिकच्या चिन्हाला एका बाजूला जरी स्ट्रिंग दिसली तरी तो चिकटवतो. वजाबाकी मात्र बरोबर येते, गुणाकार पण बरोबर येतो, त्यामुळे पोरगं म्हणतं बाकी सगळं चालतंय म्हणजे माझं बेरजेचंच काहीतरी गंडलंय आणि बेरजेची ओळ पन्नास वेळा पुसून लिहितं. इथं तुमचं लेट काय कामाचं? लेट लिहा, कॉन्स्ट लिहा, २०३० च येणार. पहिल्या तासाला शिकवायचं असेल तर व्हेरिएबलमध्ये काय प्रकारचं आहे ते शिकवा, टाइपऑफ (तो प्रकार सांगतो) छापायला लावा, संख्या करायला नंबर() मध्ये गुंडाळायला लावा. आधी कुठला शब्द लिहायचा ते राहू द्या बाजूला.

पाटीपेन्सिल
@टेस्टर_मावशी, २०३० वालं शंभर टक्के खरं. पण माझं स्टेटसचं उदाहरण तेच तर आहे, प्रकार बदलला आणि कळलं नाही. तुमच्यात निदान अधिकचं चिन्ह तरी दिसतं डोळ्याला, माझ्यात नुसत्या इक्वल टूनं प्रकार बदलतो. टाइपऑफ शिकवायचं म्हणता ना, मग व्हार नेम = २५ लिहून टाइपऑफ छापा, स्ट्रिंग येईल. आता ह्याचं उत्तर वर्गात काय देणार?

टेस्टर_मावशी
हां, हे बाकी अवघड आहे.

झाडूवाला
दोघीही मूळ रोगाकडे बघत नाही आहात. व्हार बरं की लेट बरं म्हणताय, पण अर्धी पोरं काहीच लिहीत नाहीत! टोटल = ० असं थेट. आणि चालतं ते. खाली कुठंतरी टोटलचं स्पेलिंग चुकलं की तिथं नवीनच ग्लोबल (सगळीकडे दिसणारं) व्हेरिएबल जन्माला येतं आणि खरं टोटल शून्यच राहतं. वर "यूज स्ट्रिक्ट" ही एक ओळ टाका, २००९ पासून आहे ती भाषेत, लगेच एरर येतो की बाबा हे नाव कुठून आणलं. फळ्यावर सगळ्यात आधी ही ओळ लिहायला हवी.

अजून एक, इनपुटला आयडी प्राइस दिला की प्राइस नावानं तो बॉक्स थेट जावास्क्रिप्टमध्ये मिळतो, गेटएलिमेंट वगैरे न लिहिता. हे कुणी शिकवत नाही पण पोरांना चुकून सापडतं. मग त्यांची समजूत होते की नाव घेतलं की व्हेरिएबल असतंच, जाहीर करायचं काही कारणच नाही. आणि एक दिवस खाली व्हार प्राइस लिहिलं की तो बॉक्स झाकला जातो, त्या नावाखाली अनडिफाइन्ड (म्हणजे अजून किंमतच नाही), आणि बोंबाबोंब.

बॅकएंडवाला
बघा, म्हणजे गोंधळ ब्राउझरचा आहे, व्हारचा नाही. ब्रेंडन आइकनं १९९५ मध्ये नेटस्केपला असताना दहा दिवसांत पहिली आवृत्ती उभी केली भाषेची, एवढं सगळं त्यात धरलेलं नसणार हे मान्य. पण फंक्शनच्या आत व्हार व्यवस्थित वागतं. आणि लेटच्या बाजूनंही सगळं सुरळीत नाहीये. क्रोमच्या कन्सोलमध्ये लेट एक्स एकदा लिहा, परत लिहा, चालतं, आता मुद्दाम तशी सोय केलीय. तेच दोनदा फाईलमध्ये लिहिलं की सिंटॅक्स एरर आणि अख्खी स्क्रिप्ट ठप्प, वरचं बरोबर असलेलं सुद्धा काही चालत नाही. कन्सोलमध्ये शिकलेला नवशिका इथं हमखास आपटतो. व्हार दोनदा लिहिलं तरी कुरकुर करत नाही.

पाटीपेन्सिल
कुरकुर करत नाही हीच तर माझी तक्रार आहे. शिकणाऱ्याला आरडाओरडा करणारी भाषा बरी.

कोरी_पाटी
मी तुमच्यासारखा शिकवणारा नाही, शिकणारा आहे, रिक्षा चालवून रात्री व्हिडिओ बघून शिकतोय. मला व्हार-लेटनी त्रास नाही दिला, कॉन्स्टनी दिला. सगळे सांगतात कॉन्स्ट म्हणजे न बदलणारं, व्हेरिएबल म्हणजे डबा आणि कॉन्स्टचा डबा सीलबंद. मग मी कॉन्स्टमध्ये भाज्यांची यादी ठेवली आणि पुश करून वांगी टाकली तर गेली ना आत! सील कुठं गेलं? मग यादीला इक्वल टू करून नवीन यादी दिली तर एरर. मी तर आठवडाभर समजत होतो की माझ्या ब्राउझरमध्ये काहीतरी बिघाड आहे.

झाडूवाला
@कोरी_पाटी, दादा ब्राउझर ठीक आहे, तो डबाच टाकून द्या. कॉन्स्ट फक्त एवढंच म्हणतं की हे नाव आता दुसऱ्या कशाला लावायचं नाही. ज्याला लावलंय त्या यादीच्या आत काय चाललंय त्याच्याशी कॉन्स्टला देणंघेणं नाही. यादी पण गोठवायची असेल तर ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ असतं, पण आत्ता त्यात पडू नका.

कोरी_पाटी
असं आहे होय. मग व्हिडिओवाले सरळ असं का नाही सांगत? आणि अजून एक विचारतो, व्हेरिएबलला मराठी नाव देता येतं का? मी लेट भाडं = आणि पुढं ५० असं लिहिलं तर एरर आला.

टेस्टर_मावशी
नाव मराठी चालतं, भाडं चालतं, किंमत चालते, काना-मात्रा-अनुस्वार सगळं चालतं. एरर आला तो ५० मुळे. आकडा इंग्रजी अंकांतच द्यावा लागतो, देवनागरी ५० ला जावास्क्रिप्ट संख्या मानत नाही, नंबर() मध्ये घातला तरी नॅन (म्हणजे 'ही संख्या नाही') येतं. (म्हणजे धागाकर्तीनं वर टॉप = १० लिहिलंय ते तसंच कॉपी करू नका कुणी.) मी मात्र मराठी नावांच्या विरोधात आहे. ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा अख्खं अक्षर म्हणून, एकदा अ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सेम, जावास्क्रिप्टला दोन वेगळी नावं. एकदा मोबाईलवर आणि एकदा लॅपटॉपवर टाइप केलं की बसा शोधत.

पाटीपेन्सिल
पण माझ्या मूळ मुद्द्याला हे उलट मदतच करतं की. नाव, स्थिती, ठिकाण अशी नावं द्या, विंडोवर मराठी नावाची एकही प्रॉपर्टी नाही, टक्कर होणारच नाही. पहिले चार तास मराठी नावं आणि लेट, मी पुढच्या बॅचला करून बघणार आहे.

बॅकएंडवाला
आणि ते पोरगं मुलाखतीला गेल्यावर? होइस्टिंग अजूनही विचारतात बरं का. व्हार ओळीच्या आधी छापलं तर अनडिफाइन्ड का येतं आणि लेट छापलं तर एरर का येतो, हा ठरलेला प्रश्न आहे.

पाटीपेन्सिल
मुलाखतीची तयारी वेगळी करून घेते मी, त्याला एक रविवार पुरतो. इंटरनेट एक्सप्लोरर ११ होता तोपर्यंत तुमचं म्हणणं ऐकलं असतं, तो लेट कसंबसं चालवायचा. जून २०२२ मध्ये त्याचाही सपोर्ट संपला.

ज्युनिअर_कॉलेजवाली
मी मधला रस्ता सांगू? व्हारच शिकवायचं, नोट्सशी जुळतं, पण सगळं फंक्शनच्या आत लिहायला लावायचं. आत व्हार नेम, व्हार स्टेटस काहीही लिहा, विंडोला धक्का लागत नाही. तुमचा भुताटकीचा अलर्ट पण येणार नाही आणि माझ्या मागच्या बाकावरचे पण गप्प.

पाटीपेन्सिल
मॅडम, व्हेरिएबल माहीत नाही त्याला आधी फंक्शन शिकवणार?

ज्युनिअर_कॉलेजवाली
शिकवणार कशाला, वापरायला देणार. माझी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, बटण दाबलं की काहीतरी होईल असं कधी करायचं?" बटणाला फंक्शन लागतंच. तेवढा सांगाडा मी आधीच टाइप करून देते, मधली जागा रिकामी ठेवते, त्यांनी व्हेरिएबल त्या महिरपी कंसातच लिहायचं. कंसाच्या बाहेर लिहिलं की तपासत नाही.