रेम्ब्रँटचा रडका गॅनिमिड
ग्रीक पुराणकथांची जुनी रेखाटनं म्हणजे नुसती घोटीव, देखणी शरीरं, असं एक मत ऐकायला मिळतं. इटलीपुरतं मान्य. मायकेलँजेलोने १५३२च्या सुमारास आपला तरुण मित्र तोम्मासो काव्हालिएरीला भेट दिलेल्या गॅनिमिडच्या रेखाटनात तसंच आहे. गॅनिमिड म्हणजे ग्रीक कथेतला देखणा मुलगा, ज्याला देवांचा राजा झ्यूस पळवून नेतो. गरुडरूपी झ्यूस उचलून नेतोय आणि हा तरुण निवांत! पण ते खडूचं काम, छटा हळूहळू घोटलेल्या.

आता जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधलं डच चित्रकार रेम्ब्रँटचं रेखाटन बघा, १६३५च्या आसपासचं. लेखणी-शाई आणि वर तपकिरी वॉश, म्हणजे कुंचल्याने दिलेला पातळ शाईचा हात. इथे गॅनिमिड भोकाड पसरलेलं गुटगुटीत पोर आहे, आणि खाली जमिनीवर हवालदिल आईबाप. रेम्ब्रँटच्याच १६३५च्या तैलचित्रात तर ते भीतीने मुततंय! शाईची रेघ खोडता येत नाही, त्यामुळे हात थबकत नाही; दोनचार फटकाऱ्यांत जी धांदल उभी राहते ती खडूत घोटून येणं कठीण. मला तरी तैलचित्रापेक्षा हेच जास्त आवडतं.

जाता जाता: अशा जुन्या रेखाटनांचा तपकिरी रंग बरेचदा मुळातला नसतो. मायफळ आणि हिराकस यांची शाई आधी काळी दिसते, वर्षांनुवर्षांनी तपकिरी होते आणि कधी कागदही खाते.