शब्दचर्चा : 'मोकळी जागा' कोणाला म्हणायचं? (आखर, गायरान, झुडपी, पांधण वगैरे)

धुऱ्यावरून

मंडळी, एका शब्दापायी अख्खं निवेदन अडून राहिलं आहे. आमचं गाव नागपूरपासून मोटारसायकलनं पाऊण तासावर, उमरेडच्या बाजूला. दहा वर्षांपूर्वी बसस्टँड सोडलं की पऱ्हाटी आणि तूरच दिसायची. आता एकाआड एक वावरात लेआऊट पडलंय. मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेषा, कोपऱ्यात 'ओपन स्पेस' अशी पाटी आणि पाटीखाली कमरेएवढं गाजरगवत.

आजूबाजूच्या चार ग्रामपंचायतींनी ठरवलं आहे की ज्या जागा अजून उरल्यात त्या एकमेकींना जोडून राखाव्यात आणि तसं लेखी मागावं. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हाताशी जो कागद आहे त्यात इंग्रजीत 'रीजनल ओपन स्पेस नेटवर्क' आहे, आणि कोणीतरी त्याचं मराठी केलंय 'प्रादेशिक मुक्त अवकाश संजाल'. ग्रामसभेत वाचून दाखवलं तर मागून आवाज आला, "रॉकेट सोडून राहिले का जी?"

पुढची गंमत अशी की त्याच कागदाच्या नकाशात आमच्या गावचं आखर 'रिकामी जागा' म्हणून रंगवलंय. तर 'ओपन स्पेस'ला काय म्हणावं, आणि 'नेटवर्क'ला काय?

जुनी_सनद

ताई, 'अवकाश' पहिले काढा. बोलीत अवकाश म्हणजे वेळ. 'लग्नाला अजून अवकाश आहे' असं आपण म्हणतो. जागेसाठी तो शब्द फक्त पुस्तकात राहतो.

सरकारी मराठीत 'खुली जागा' किंवा 'मोकळी जागा' चालतं. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआऊट टाकला तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. तुमच्या गाजरगवताच्या पाटीचं मूळ तिथे आहे. मात्र ही 'मोकळी' म्हणजे वजाबाकीतली मोकळी. प्लॉट पाडून झाल्यावर जो त्रिकोणी तुकडा विकला जात नाही तो बहुतेक वेळा ओपन स्पेस होतो. नोकरीत असताना असे नकाशे मी पुष्कळ पाहिले. नाल्याचा काठ, विजेच्या तारांखालची पट्टी, सगळं 'बगीचा'.

बोडीकाठ

आखराले रिकामी जागा म्हणते? त्यानं सकाळी आठ वाजता येऊन पाहावं ना भाऊ.

आमच्याकडे, गोंदियाच्या बाजूला, आखर म्हणजे गावाच्या कडेची ती जागा जिथं सकाळी गावातली सारी ढोरं जमा होतेत. ढोरकी हाकारा देते, घराघरातून दावी सुटते, अन् अर्धा-पाऊण तास आखरावर शंभर-दीडशे ढोरं उभी राह्यतेत. माझी आजी टोपलं घेऊन शेण गोळा कराले जात होती. कोणत्या गाईचं शेण कोणी उचलायचं याच्यावरून भांडणं होत. मंग ढोरकी ढोरं घेऊन निघते अन् आखर दिवसभर खाली. संध्याकाळी परत तसंच. पोळ्याचं तोरण तिथंच बांधते, झडत्या तिथंच म्हणते, मंडईत, म्हंजे गावच्या जत्रेत, दंडार म्हंजे लोकनाट्य असली तं तेही तिथंच.

आता नकाशावाला दुपारी दोन वाजता येऊन पाहीन तं त्याले रिकामंच दिसन.

धुऱ्यावरून

@बोडीकाठ दुपारी दोनचंच झालं असावं!

याच्यावरून आठवलं. मागच्या वेळी आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, तर टाइप करणाऱ्यानं 'आखर'ची 'चूक' सुधारली. पहिल्या परिच्छेदात 'आखाडा', दुसऱ्यात 'अखेर'. 'गावाच्या अखेर जागेवर पोळा भरतो.' उत्तर आलं, की कुस्तीच्या आखाड्यासाठी क्रीडा विभागाकडे अर्ज करावा.

मुळा_मुठा

विदर्भाबाहेरचा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. एक सुचवतो. 'तो माळ' म्हणजे उघडं पठार आणि 'ती माळ' म्हणजे ओवलेली. 'माळांची माळ' म्हटलं तर ओपन स्पेस आणि नेटवर्क दोन्ही एका शब्दात येतात.

जुनी_सनद

कल्पना सुंदर, पण इकडे गावात 'माळ' म्हटलं की गळ्यातलीच. खडकाळ, मुरमाड उघड्या जमिनीला आम्ही 'बरड' म्हणतो. आणि 'रान'ही जपून वापरा. तुमच्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. इकडे शेत म्हणजे वावर, रान म्हणजे जंगल. रानात गेलाय म्हटलं की माणसं वाघाची चौकशी करतात.

पऱ्हाटी_भाऊ

अकोल्याकडून लिहितो. आमच्या वऱ्हाडात गायरान म्हणाच लागत नाही, सारे 'ई-क्लास' म्हणतात. म्हातारी माणसंसुद्धा, ज्यांना एबीसीडी येत नाही ते. 'बकऱ्या ई-क्लासात हायेत', 'ई-क्लासवर मुरूम काढून राहिले'. इंग्रजांच्या वेळच्या जमिनीच्या वर्गवारीतलं अक्षर, आता पक्का मराठी शब्द झालं. त्यामुळे इंग्रजी मूळ असलं म्हणजे शब्द परका, असं मी मानत नाही. 'लेआऊट'ही आता आपलाच.

तसाच 'ग्रीन बेल्ट'. लंडनभोवती शेती आणि मोकळी जमीन राखायला १९३८ साली कायदा झाला, त्याच्या नावातच हा शब्द होता. आपल्याकडे त्याचं 'हरित पट्टा' झालं ते कागदावर. जमिनीच्या दलालाच्या तोंडी ग्रीन बेल्ट म्हणजे 'आत्ता स्वस्तात घ्या, पुढे यलो (रहिवासी) होणारच आहे'. राखून ठेवायच्या जमिनीचं नाव सवलतीच्या दराची पाटी झालं. तुमच्या निवेदनात 'हरित पट्टा' असेल तर काढून टाका, वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागेल.

मुळा_मुठा

मग 'निस्तार' हा काय प्रकार आहे? सातबाऱ्याच्या संदर्भात विदर्भातल्या बातम्यांत वाचतो, आमच्याकडे कोणी वापरत नाही.

जुनी_सनद

हा माझा आवडता शब्द, म्हणून जरा लांबण लावतो.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) हा भाग मध्य प्रांतात होता. तिथे मालगुजारी होती, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा मालगुजार हाच गावचा मालक. गावची पडीत जमीन, झुडपं, तलाव मालगुजाराच्या ताब्यात, पण गावकऱ्यांना त्यातून रोजची गरज भागवायचा हक्क. बैलांना चारा, चुलीला लाकूड, घराला माती-मुरूम, कुंभाराला त्याची माती. या रोजच्या गरजेला शब्द निस्तार. मराठीत आपण 'निस्तरणे' म्हणतो ना, पोरानं केलेला पसारा बापानं निस्तरायचा? धातू तोच, पार पडणं, पार पाडणं. बोलीत 'निस्तरणे' कटकटीचं झालं आणि दप्तरात 'निस्तार' हक्काचा राहिला.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, जमीन सरकारकडे आली, हक्काची नोंद राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, सगळ्या राज्याला लागू, पण त्यातलं बिनकब्जाच्या जमिनीवरच्या हक्कांचं प्रकरण खास विदर्भापुरतं आहे. कलम १६१ म्हणजे निस्तार पत्रक, १६५ म्हणजे वाजिब-उल-अर्ज. दुसरा शब्द अरबीतून आला. वाजिब म्हणजे रास्त, अर्ज तर आपण रोजच करतो. गावची वहिवाट, पाण्याची, वाटेची, मासेमारीची, त्यात लिहिलेली असते. पुण्याकडे ही दोन कागदं नाहीत, म्हणून तिकडे शब्दही नाही.

ताई, तुमच्या गावचं निस्तार पत्रक काढा. आखराची जागा त्यात 'रिकामी' म्हणून सापडणार नाही. कशासाठी आहे ते लिहिलेलं असेल. मला फरक इथे दिसतो. 'मोकळी जागा' सांगते की इथे काय नाही. आखर, गायरान, खळवाडी, स्मशान, ढोरफोडी या प्रत्येक शब्दात कामाचं नाव आहे.

सातबारा_कोरा

शब्दांनी काय होते सर? आमच्या गायरानाचं नाव गायरानच होतं. त्याच्यावर पाण्याची टाकी आली, मंग समाजमंदिर आलं, मंग कोणाचे तरी दहा टिनाचे शेड आले. ढोरंही कमी झाली आता, ट्रॅक्टर आला. ढोरकी कोणी व्हायला तयार नाही. नुसतं नाव राखून काय करता?

पऱ्हाटी_भाऊ

@सातबारा_कोरा बरोबर आहे तुमचं, पण नाव होतं म्हणून तर भांडता येतं. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या एका गावच्या तळ्याच्या प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावरून आपल्या सरकारचा निर्णय निघाला १२ जुलै २०११ चा. दोन्हीकडे जमीन ओळखली जाते ती नोंदीतल्या शब्दावरूनच.

झुडपीवर_घर

शब्दाची ताकद मला विचारा. आमचं घर ज्या जागेवर आहे तिची नोंद 'झुडपी जंगल'. झुडूप तिथं माझ्या बापानंही पाहिलं नाही. जुन्या मध्य प्रांताच्या कागदात 'बडे झाड का जंगल', 'छोटे झाड का जंगल' असे रकाने होते, त्यातलाच हा चुलतभाऊ. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच समजायचं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राची मंजुरी घ्यायची.

लोकं म्हणतात चांगलं झालं, जमीन वाचली. वाचलीच. शहराजवळचे हे तुकडे एव्हाना लेआऊट झाले असते हे मलाही दिसते. पण तलाठ्याकडे गेलो की माझ्या घराच्या आधी जंगल हा शब्द वाचला जातो, त्याचं काय? एका शब्दानं मोर वाचला अन् माझं घरकुल लटकलं. चर्चा करता तर हेही लिहा.

धुऱ्यावरून

@झुडपीवर_घर दादा, लिहीन. आमच्याही गावात सहा घरं आहेत तशी. राखायच्या जागांच्या यादीत राहतं घर घुसडायचं नाही, हे पहिल्याच ओळीत घालते.

'ओपन स्पेस'चं मला बऱ्यापैकी सुटलं. एकच शब्द शोधायचा नाही, प्रत्येक जागेचं तिचं नाव लिहायचं. 'नेटवर्क' मात्र तसंच आहे. जाळं? साखळी?

बोडीकाठ

जाळं म्हणाल तं ढिवराचं. त्यात मासोळी फसते. लोकं म्हणतीन आम्हाले कायले फसवता.

काळी_माती

मी स्वतः शेती करते, यवतमाळ जिल्हा. नेटवर्कला शब्द तुमच्या गावात पडलेला आहे. पांधण.

योजनेत 'पाणंद' लिहितात, २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आठवा. इकडे मात्र पांधण किंवा पांदण. दोन्ही बाजूला धुरे (शेताचे बांध), मधून बैलबंडी जाईल एवढी वाट, वर बोरी, बाभळी, हिवर, घाणेरी. पावसाळ्यात गुडघाभर गारा, म्हणजे चिखल. हरीण, ससे, रानडुक्कर याच वाटेनं फिरतात. आमच्या गावची पांधण आखरावरून निघते, नाल्यात उतरते, तलावाच्या पाळीला लागते आणि ई-क्लासात संपते. ढोरं सकाळी तिच्यानं जातात, तलावावर पाणी पितात, संध्याकाळी परत. गावच्या जुन्या नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेली असते. चार गावांचे नकाशे शेजारी शेजारी लावून त्या रेषा लाल पेनानं गिरवा. जोडणी आधीच केलेली दिसेल. शिवेवर एका गावची पांधण दुसऱ्या गावच्या पांधणीला मिळते, कारण बाजाराला सगळ्यांनाच जायचं होतं.

लेआऊटवाला सगळ्यात आधी तीच गिळतो, हेही ध्यानात ठेवा. गायरान बळकावलं तर बोंब होते. पांधण दोन्हीकडून एकेक तास (नांगराची ओळ) नांगरत नेली की पाच वर्षांत पाऊलवाट होते, आणि मग 'इथे रस्ता नव्हताच'.

जुनी_सनद

याला माझं अनुमोदन. नागपूर महानगर क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरवर, सातशेवर गावांवर पसरलंय. एवढ्या गावांना नव्यानं जोडायला किती भूसंपादन लागेल! पांधणीला भूसंपादन लागत नाही, मोजणी लागते. फक्त 'पांधण' लिहून कंसात 'गाडीमार्ग' टाका, मोजणीवाल्याला तोच शब्द कळतो.

धुऱ्यावरून

काल रात्री चारही गावांचे नकाशे जेवणाच्या खोलीत फरशीवर अंथरले. लाल रेषा गिरवल्या. तीन गावांच्या जुळल्या. चौथ्या गावची पांधण शिवेपाशी येऊन थांबते, पुढे गट नंबर आहे आणि त्यात लेआऊट. तिथली 'ओपन स्पेस'ची पाटी कुठे आहे म्हणाल तर बरोबर पांधणीच्या तोंडावर. सासूबाई चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथून तर आम्ही मांढळच्या बाजाराला जात होतो."

निवेदनाचं शीर्षक असं केलंय : 'चार गावांची आखरं, गायरानं, तलाव व त्यांना जोडणाऱ्या पांधणी (गाडीमार्ग) कायम राखण्याबाबत'. 'मोकळी जागा' एकदाच आलाय, त्या पाटीच्या संदर्भात.

एक शेवटचं विचारते. 'आखर'चं अनेकवचन 'आखरं' लिहिलंय. सासूबाई म्हणतात आखर गावाला एकच असते, त्याचं अनेकवचन करायची कोणाला कधी गरजच पडली नाही. @बोडीकाठ, तुमच्याकडे काय म्हणतात?

बोडीकाठ

आजीले विचारून सांगतो.