मदत हवी आहे: ऑफिसच्या डेस्कटॉपला १६ जीबी रॅम पुरेल का?

ऑफिसमधल्या सहा डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे, किती ते ठरत नाहीये. सगळे एकसारखे: विंडोज ११, आय३ प्रोसेसर, एसएसडी आणि डीडीआर४ची ८ जीबीची एकच पट्टी. दुसरा स्लॉट रिकामा आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे ग्राफिक्सचा वाटाही याच रॅममधून जातो.

क्रोममध्ये पंधरा-वीस टॅब, आउटलुक, एक्सेलच्या तीन-चार फाइल (एक तर ६० एमबीची) आणि मधूनमधून व्हिडिओ मीटिंग, एवढंच काम. मीटिंग चालू असताना ती मोठी फाइल उघडली की माउससुद्धा अडखळतो. समोरच्याला वाट बघायला लावावं लागतं, ते फार वाईट वाटतं.

त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९४ टक्के, ‘कमिटेड’ (सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी) १३ जीबीच्या वर, सीपीयू मात्र ४० टक्क्यांच्या आत. नुसत्या टक्क्यांवर मी विसंबत नाही, कारण रॅम भरत आली तरी विंडोज सांभाळून घेतं. पण १३ हा आकडा ८च्या बराच पुढे आहे. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद केले, क्रोमचा मेमरी सेव्हर लावला. थोडा फरक पडला, मीटिंगच्या वेळी पुन्हा तेच. व्हायरस स्कॅन झालंय, एसएसडी निम्मी रिकामी आहे, एक्सेल ६४ बिटच आहे.

नवी मशीन इतक्यात मिळणार नाहीत. हीच अजून तीन वर्षं चालवायची आहेत.

तर रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी टाकून १६ पुरतील, की आत्ताच १६ची पट्टी घालून २४ करावेत? आणि दोन पट्ट्या वेगवेगळ्या क्षमतेच्या असल्या, तर ड्युअल चॅनलचा (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून मिळणाऱ्या वेगाचा) तोटा अशा कामात खरंच जाणवतो का?